कॅरो-कानमधील पॅनॉव्ह हल्ला: डाव ओपनिंगमुळे गेला की डी४च्या एकाकी प्याद्यामुळे?

शाहूपुरीकर

सर्व बुद्धिबळप्रेमींना नमस्कार. कोल्हापुरात नुकत्याच झालेल्या एका खुल्या स्पर्धेत माझ्या भाचीने पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव येथे देत आहे. ती आठवीत शिकते आणि ई४ने सुरुवात करते. कॅरो-कान (म्हणजे ई४ला काळ्याचे सी६ हे उत्तर) समोर आला की ती पॅनॉव्ह हल्ला (डी५वर प्यादी मारून मग ४. सी४) खेळते. स्पर्धा स्विस पद्धतीची होती आणि वेळ प्रत्येकी ९० मिनिटे अधिक प्रत्येक खेळीला ३० सेकंद असा होता, त्यामुळे घाईगर्दीत चाल सुटली असे म्हणण्यास जागा नाही. प्रतिस्पर्धी वयाने आणि मानांकनाने बरेच मोठे होते व त्यांनी डाव चांगला खेळला, हे आधीच नोंदवतो.

डाव संपल्यावर सभागृहाच्या व्हरांड्यात, बाहेर पावसाची झड चालू असताना, जाणत्या मंडळींमध्ये दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की पॅनॉव्ह हल्ला मुलांना शिकवूच नये, कारण त्यात डी४चे प्यादे एकाकी पडते, शेजारच्या सी आणि ई स्तंभांवर त्याला आधार देणारे आपले प्यादे उरत नाही आणि डाव जसजसा पुढे सरकतो तसतसे ते ओझे होत जाते. इतरांचे म्हणणे असे की ओपनिंगला दोष देणे चुकीचे असून त्यातून मिळालेली स्थिती कशी खेळायची हे शिकवले गेले पाहिजे. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे होती, म्हणून मी येथे विचारत आहे.

खेळ्या अशा. घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह म्हणजे हत्ती, व म्हणजे वजीर; × म्हणजे मारणे, ०-० म्हणजे किल्लेकोट, आणि आकड्यापुढे तीन टिंबे असली तर ती काळ्याची खेळी.

१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ सी×डी५ ४. सी४ घो-एफ६ ५. घो-सी३ ई६ ६. घो-एफ३ उं-ई७ ७. सी×डी५ घो×डी५ ८. उं-डी३ घो-सी६ ९. ०-० ०-० १०. ह-ई१ घो-एफ६ ११. ए३ बी६ १२. उं-सी२ उं-बी७ १३. व-डी३ ह-सी८ १४. उं-जी५ जी६ १५. ह(ए)-डी१ घो-डी५ १६. उं×ई७ घो(सी)×ई७ १७. घो×डी५ घो×डी५ १८. उं-ई४ व-डी६ १९. उं×डी५ उं×डी५ २०. ह-ई३ उं×एफ३ २१. ह×एफ३ ह(एफ)-डी८

येथे पटावर दोन्ही बाजूंचे वजीर, दोन-दोन हत्ती आणि प्यादीच उरली. त्यानंतर काळ्याने वजीर व दोन्ही हत्ती डी स्तंभावर एकामागे एक आणले, पांढऱ्याचे सर्व मोहरे डी४ राखण्यात गुंतले, आणि योग्य वेळी ई५ करून काळ्याने ते प्यादे जिंकले. पुढचे हत्तींचे अंतिम पर्व एकतर्फी झाले.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला, पांढऱ्याचा डाव नेमका कोणत्या खेळीपासून बिघडला? दुसरा, या वयाच्या खेळाडूने पॅनॉव्ह हल्ला चालू ठेवावा की ३. ई५ किंवा अन्य साध्या मार्गाकडे वळावे? इंजिनने दिलेले आकडे माझ्याजवळ आहेत, परंतु आकड्यांवरून मुलीला काय समजावून सांगायचे ते मला कळत नाही, आणि मला हवे आहे ते समजावून सांगता येईल असे उत्तर.


कृष्णाकाठ

शाहूपुरीकर, डाव पूर्ण नोंदवून दिलात याबद्दल आभार. मी सांगलीत वाढलो. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे या गावात पटावर बसण्याची सवय आमच्या पिढीला लहानपणीच लागली, आणि हरलेला डाव जिंकलेल्या डावापेक्षा अधिक वेळ मांडून बसायचा ही शिस्तही तिथलीच. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या तेरा खेळ्यांत आपल्या भाचीने काहीही चुकीचे केलेले नाही. उलट या स्थितीत पांढऱ्याने मोहरे जसे मांडावेत तसेच तिने मांडले आहेत. ११. ए३ ही खेळी निरुपद्रवी दिसते, पण तिच्यामुळे काळ्याच्या घोड्याला बी४ घर मिळत नाही आणि पांढऱ्याचा उंट सी२ वर निर्धास्त बसतो. त्या क्षणी डी४चे प्यादे फुकट पडल्यासारखे दिसते, पण ११... घो×डी४ १२. घो×डी४ व×डी४ असे काळ्याने केलेच तर १३. उं×एच७ शह आणि डी स्तंभ मोकळा होऊन काळ्याचा वजीर जातो. मग उंट सी२ वर, वजीर डी३ वर, म्हणजे एच७ घरावर एकाच कर्णातून दोन मोहऱ्यांचा रोख. त्या घराला राजाखेरीज एकच राखणदार आहे, तो एफ६चा घोडा. पुढचे सर्व काही या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

काळ्याने १३... जी६ करायला हवे होते. १३... ह-सी८ ही दिसायला नैसर्गिक, पण एक खेळी उशीर करणारी चाल आहे, आणि तिला उत्तर १४. डी५! हे आहे. ही कल्पना ओपनिंगच्या पुस्तकांत सुपरिचित आहे, परंतु ती पाठ करण्यापेक्षा का चालते हे पाहण्यासारखे आहे. काळ्याने १४... घो×डी५ केल्यास एच७चा राखणदार निघून गेला, म्हणून १५. व×एच७ मात. १४... ई×डी५ केल्यास ई स्तंभ उघडतो, ई१चा हत्ती थेट ई७च्या उंटाकडे पाहू लागतो, आणि १५. उं-जी५ने तोच राखणदार घोडा पुन्हा संकटात येतो, कारण १६. उं×एफ६ उं×एफ६ १७. व×एच७ मात अशी धमकी उभी राहते. आता १५... जी६ने फार काही साधत नाही: १६. ह×ई७! व×ई७ १७. घो×डी५ घो×डी५ १८. उं×ई७ आणि काळ्याने तो उंट मारल्यावर पांढऱ्याकडे वजीर, तर काळ्याकडे त्याबदल्यात हत्ती व घोडा. १६... घो×ई७ केल्यास १७. उं×एफ६ आणि एका हत्तीच्या बदल्यात पांढऱ्याला दोन हलके मोहरे (घोडा व उंट) मिळतात. १५... घो-ई४ हा त्यापेक्षा बरा प्रयत्न आहे, तेव्हा १६. घो×ई४ डी×ई४ १७. व×ई४ जी६ १८. व-एच४, प्यादी सारखी, पण पांढऱ्याचे मोहरे राजाभोवती जमलेले आणि ए१चा हत्ती काळ्या वजिरावर धावून येण्यास मोकळा. चिवट बचाव १४... घो-ए५ मध्ये आहे. तिथेही पुढाकार पांढऱ्याकडेच राहतो.

आपल्या भाचीने १४. उं-जी५ केले, म्हणजे कल्पना तिला दिसली होती, फक्त क्रम उलटा झाला. हा क्रम तिला पटावर मांडून दाखवा, कारण यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १४. उं-जी५ जी६ १५. डी५ ई×डी५ असे झाले तर वर दिलेलीच स्थिती येते. मग फरक काय? फरक असा की जी६ झाल्यावर एच७ची मात उरत नाही आणि १५. डी५ला काळा घोड्याने मारू शकतो. जी खेळी चौदाव्या वेळी मातीला कारण ठरली असती तीच पंधराव्या वेळी काळ्याची सुटका ठरते. धमकी आधी दाखवली की प्रतिस्पर्धी तिला बंद करतो, आणि प्यादे ढकलण्याचे बळ त्या धमकीतच होते.

तरीही १५व्या खेळीनंतर डाव पांढऱ्याने गमावलेला नव्हता. माझ्या मते डाव बिघडला तो १६. उं×ई७, १७. घो×डी५ आणि १९. उं×डी५ या तीन खेळ्यांत. तिन्ही वेळा मारामारी पांढऱ्याने स्वतः सुरू केली. एकाकी प्यादे असलेल्या बाजूने पटावर मोहरे ठेवायचे असतात, कारण त्या प्याद्याचा मोबदला म्हणजे मोकळे स्तंभ आणि ई५ व सी५ ही दोन घरे. ती वापरणारे मोहरेच गेले तर मोबदला संपतो आणि मागे उरते ते केवळ प्यादे. १६. उं-एच६ करून हत्तीला ई८ वर ढकलता आले असते, उंट शाबूत राहिला असता, आणि एच प्यादे पुढे नेऊन जी६ घराला खुपणे हा साधा, समजेल असा बेत हाताशी होता.

हे प्यादे ताकद कसे असते याचा मला सर्वाधिक आवडणारा नमुना बॉटविनिक विरुद्ध विडमार, नॉटिंगहॅम १९३६ हा आहे. त्या स्पर्धेत बॉटविनिक व कापाब्लांका यांनी पहिले स्थान विभागून घेतले होते. दोघेही, बॉटविनिक आणि विडमार, पेशाने विद्युत अभियंते. ओपनिंग वजिरी बाजूचे, पण प्याद्यांची रचना तुमच्या डावातलीच: डी४ एकाकी, समोर ई६. बॉटविनिकने १३. घो-ई५ करून घोडा रोवला, १५. व-एच३ने वजीर राजाच्या बाजूला आणला, मग १७. एफ४ व १८. एफ५ करून स्तंभ उघडला. १८... ई×एफ५ १९. ह×एफ५ व-डी६ आणि मग २०. घो×एफ७! ह×एफ७ २१. उं×एफ६ उं×एफ६ २२. ह×डी५ व-सी६ २३. ह-डी६ व-ई८ २४. ह-डी७, येथे विडमारने डाव सोडला. एकविसाव्या खेळीला काळ्याने घोड्याने मारले असते तर २२. ह×एफ६ उं×एफ६ २३. व×सी८ शह होता. संपूर्ण डावात डी४चे प्यादे जागचे हलले नाही. त्याने ई५चे घर धरून ठेवले, आणि तेवढे पुरेसे झाले. हा डाव तिच्यासोबत दोनदा तरी मांडा, एकदा पांढऱ्याच्या आणि एकदा काळ्याच्या बाजूने बसून.

ओपनिंग बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.


इचलकरंजीकर

कृष्णाकाठ यांच्या विश्लेषणाशी मी सहमत आहे, परंतु त्यांचे लेखन पांढऱ्याच्या बाजूने आहे. मी स्वतः गेली बरीच वर्षे कॅरो-कान काळ्या बाजूने खेळतो, म्हणून समोरच्या खुर्चीतून ही स्थिती कशी दिसते ते सांगतो. व्हरांड्यातल्या पहिल्या गटाचे म्हणणे इतके सहज बाजूला सारण्यासारखे नाही.

काळ्याला या रचनेत चार गोष्टी हव्या असतात आणि त्या क्रमाने हव्या असतात. डी५ घर अडवायचे, शक्यतो घोड्याने, कारण घोडा तिथे बसून ई स्तंभही आडवळणाने राखतो. त्यानंतर हलके मोहरे एकेक करून कमी करायचे. मग जड मोहऱ्यांनी (हत्ती व वजीर) डी४वर दबाव आणायचा, आणि शेवटी पांढऱ्याचे सर्व मोहरे त्या एका प्याद्याच्या रक्षणाला बांधले गेले की दुसरीकडे, बहुधा ई५ किंवा बी५ करून, दुसरी आघाडी उघडायची. शाहूपुरीकरांनी दिलेल्या डावात काळ्याने हे चारही टप्पे गाठले आहेत, आणि २०... उं×एफ३ ही खेळी मला विशेष आवडली. अनेकांना तिथे डी५चा देखणा उंट सोडवत नाही. पण त्या घोड्याने ई५ गाठले असते तर पांढऱ्याला खेळ मिळाला असता. तो गेल्यावर पांढऱ्याकडे हल्ला करण्यासाठी काहीच उरले नाही.

याचे शुद्ध रूप पाहायचे असेल तर १९८१च्या मेरानो येथील विश्वविजेतेपदाच्या लढतीतील नववा डाव मांडावा. पांढरे कॉर्चनॉय, काळे कार्पोव्ह. त्या डावातही ओपनिंग वेगळे होते, वजिराचा अव्हेरलेला गँबिट, पण दहाव्या खेळीला हीच रचना आली. कार्पोव्हने लगेच ११... घो-एच५ करून काळ्या घरांच्या उंटांची अदलाबदल मागितली आणि ती मिळाली. पुढे १६. घो-ई४ घो×ई४ १७. व×ई४ उं-सी६ १८. घो×सी६ ह×सी६, म्हणजे आणखी दोन जोड्या गेल्या, आणि दोन्ही वेळा पुढाकार पांढऱ्याचाच. २७. उं×डी५ ह×डी५ नंतर पटावर फक्त वजीर आणि हत्ती. यानंतर कार्पोव्हने घाई केली नाही. हत्ती व वजीर डी स्तंभावर आणले, राजाला धोका नाही याची खात्री केली, आणि ३५... ई५ करून स्थिती फोडली. डी४चे प्यादे डी२च्या हत्तीसमोर बांधलेले असल्याने ते ई५ला मारू शकत नव्हते. ४३व्या खेळीनंतर कॉर्चनॉयने डाव सोडला. ती लढत कार्पोव्हने सहा विजय, दोन पराभव व दहा बरोबरी अशी जिंकली.

कॉर्चनॉयसारखा मुरलेला खेळाडू जिथे त्याच मार्गाने गेला तिथे आठवीतल्या मुलीने तीन मारामाऱ्या केल्या यात नवल नाही. मानांकनाने वरचढ असलेल्या माणसासमोर बसल्यावर मोहरे कमी करून बरोबरी गाठावी ही इच्छा नैसर्गिक असते, पण एकाकी प्यादे पटावर असताना ती इच्छा सरळ पराभवाकडे नेते. एवढ्यासाठीच मला वाटते की हे ओपनिंग खेळणाऱ्याचा स्वभाव पाहून निवडावे. ज्याला शांत, आवरलेली स्थिती आवडते त्याला चांगल्या शिक्षकानेही पॅनॉव्ह देऊ नये. आपल्या भाचीचा कल कसा आहे, हे आपण लिहिलेले नाही.


शाहूपुरीकर

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी चौदाव्या खेळीची स्थिती मांडून मी तिला केवळ इतकेच विचारले की एच७ कोण राखतो आहे. तिने घोडा दाखवला आणि थोड्या वेळाने स्वतःच डी४चे प्यादे पुढे सरकवले. घो×डी५ला मात आहे हेही तिनेच सांगितले.

स्वभावाविषयी सांगायचे तर तिला हल्ला आवडतो, मात्र मोठ्या खेळाडूसमोर ती लवकर मारामाऱ्या करते, हे इचलकरंजीकरांचे निरीक्षण तिच्या इतर डावांनाही लागू पडते. आता शंका अशी की सराव कोणत्या पद्धतीने करावा. तसेच पुढच्या वेळी काळ्याने ६... उं-ई७ ऐवजी ६... उं-बी४ केले किंवा पाचव्या खेळीला जी६ केले तर तिने मांडलेली ही योजना तशीच चालेल का?


मंगळवार पेठ

मी मुलांना शिकवतो, त्यामुळे सरावाविषयी लिहितो.

पहिली गोष्ट, प्रकार पाठ करून घेणे थांबवा. पॅनॉव्हची रचना केवळ कॅरो-कानमधून येत नाही. वजिराच्या गँबिटच्या अनेक शाखा, निम्झो-इंडियन, सेमी-टाराश या सर्व ओपनिंगमधून पांढऱ्याला हेच डी४चे प्यादे मिळते. आपल्या डावातली नवव्या खेळीनंतरची स्थिती तर सेमी-टाराशमधूनही जशीच्या तशी येऊ शकते. म्हणजे ई४ खेळणारी मुलगी ही रचना नीट शिकली तर उद्या डी४कडे वळली तरी ते ज्ञान तिच्याजवळ राहते. ओपनिंग बदलून हा अभ्यास टाळता येणार नाही, तो केवळ पुढे ढकलला जाईल. होरॅशियो कॅरो आणि मार्कस कान यांचे नाव ज्याला मिळाले तो बचाव आज शालेय स्पर्धांतही वारंवार समोर येतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध एक पक्की वाट हवीच.

दुसरी गोष्ट, मी एक सराव घेतो तो करून पाहा. तेराव्या खेळीनंतरची स्थिती मांडायची, पण काळ्याचा हत्ती सी८ ऐवजी ए८वरच ठेवून जी६ झालेले आहे असे धरायचे, म्हणजे तत्काळ डी५चा फटका उरत नाही. येथून तिने पांढरे घेऊन, प्रत्येकी पंधरा मिनिटांत, डाव पूर्ण करायचा, अट एकच: पहिल्या दहा खेळ्यांत तिने स्वतःहून कोणताही हलका मोहरा मारायचा नाही. मारावाच लागला तर आधी थांबून त्यामागचे कारण मोठ्याने सांगायचे. मग बाजू बदलायच्या. काळ्या बाजूने खेळताना तिला जे मोहरे नकोसे वाटतील, विशेषतः ई५वर येणारा घोडा आणि सी२चा उंट, तेच पांढऱ्याने जपायचे असतात, हे सांगावे लागत नाही, तिचे तिलाच जाणवते. माझ्याकडच्या मुलांना या सरावाचा पुस्तकातल्या प्रकारांपेक्षा निश्चित अधिक उपयोग झाला आहे.

सोप्या पर्यायाचा प्रश्न राहिला. एकाकी प्यादे अजिबात नको असेल तर ३. ई×डी५ सी×डी५ ४. उं-डी३ ही प्रतिष्ठित वाट आहे. १९७० साली बेलग्रेड येथे सोव्हिएत संघ विरुद्ध शेष विश्व या सामन्यात फिशरने याच वाटेने पेट्रोशियनला हरवले होते. तिथे ५. सी३ने डी४ला आधार मिळतो आणि राजाच्या बाजूला हल्लाही करता येतो. ती वाट वाईट नाही. पण ज्या मुलीने एच७चा राखणदार स्वतः शोधला आणि डी५ स्वतः सरकवले तिच्याकडून मी पॅनॉव्ह काढून घेणार नाही. आणखी एक लिहितो, ६... उं-ई७ला ७. सी५ करून प्यादी बंद करणे हाही मान्य मार्ग आहे, त्यात एकाकी प्यादे होतच नाही आणि लढाई वजिराच्या बाजूला सरकते. सध्या त्याकडे जाऊ नका. एक रचना पक्की होऊ द्या.


कृष्णाकाठ

६... उं-बी४ विषयी थोडक्यात. ७. सी×डी५ घो×डी५ झाल्यावर सी३च्या घोड्यावर दोन मोहऱ्यांचा दाब येतो, म्हणून ८. उं-डी२ ही साधी व भक्कम खेळी तिला द्या. आता ८... घो×सी३ ९. बी×सी३ झाल्यास डी४चे प्यादे एकाकी राहतच नाही, सी३चे प्यादे त्याच्या आधाराला येते आणि बी४चा उंट हल्ल्यात सापडून मागे फिरतो. काळ्याने तसे न करता ८... घो-सी६ ९. उं-डी३ ०-० १०. ०-० असा खेळ केला तर तो उंट पुष्कळदा पुन्हा ई७वर परततो आणि आपल्या ओळखीची स्थिती येते. फरक एवढाच की पांढऱ्याचा उंट डी२वर आहे, त्यामुळे जी५वर जाण्यास त्याला एक खेळी अधिक लागेल. ए३, उं-सी२, व-डी३ ही मांडणी येथेही विचारात घ्यावी, मात्र प्रत्येक वेळी एफ६वर घोडा आहे की डी५वर, हे आधी पाहायचे. तो डी५वर असेल तर प्यादे पुढे सरकू शकत नाही आणि बेत बदलून घो-ई५, ह-ई१, व-ई२ अशा संथ मांडणीकडे जावे लागते.

५... जी६ मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात काळा बहुधा डी५चे प्यादे तात्पुरते देऊन टाकतो आणि नंतर ते परत मिळवू पाहतो. ६. सी×डी५ उं-जी७ झाल्यावर पांढऱ्याने ते जादा प्यादे शक्य तितका काळ धरून ठेवायचे असते, आणि त्यासाठी उं-सी४, घो-ई२ ही मांडणी, म्हणजे घोडा एफ३ऐवजी ई२वर, सोयीची पडते, कारण गरज लागताच तो एफ४वर जाऊन डी५ला आधार देतो. येथे राजावरच्या हल्ल्याची घाई करू नये. वरची योजना इथे लावायची नाही, हे तिला वेगळे सांगा.

पाचव्या खेळीला घो-सी६ हा तिसरा प्रकारही भेटेल. त्याला ६. उं-जी५ किंवा ६. घो-एफ३ दोन्ही आहेत. बॉटविनिकने १९३३ साली फ्लोरविरुद्धच्या लढतीत पॅनॉव्ह हल्ला वापरला होता, ती लढत ६-६ अशी बरोबरीत सुटली. त्या डावांच्या खेळ्या हाताशी असतील तर ५... घो-सी६ला आधी तिथून सुरुवात करावी, आणि पुढची स्पर्धा येण्यापूर्वी तिने या प्रकाराचे दोन-तीन डाव काळ्या बाजूनेही खेळून पाहावेत. तिचा पुढचा पॅनॉव्ह डाव, निकाल काहीही लागला तरी, पूर्ण खेळ्यांसह येथे द्या.